‘ओळखीचा’ ठेकेदार

आखाजी झाली की आमच्या पारोळ्यात दोन गोष्टी हमखास दिसतात. झोके उतरतात, माहेरवाशिणी सासरी परततात. आणि कुठल्या ना कुठल्या गल्लीत वाळूचा ढीग येऊन पडतो. पाऊस यायच्या आत घराचं काम उरकायचं असतं ना! मग घराघरांत एकच चर्चा, ठेकेदार कोण लावायचा? घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. पण लग्नासाठी आपण मुलाच्या मामाच्या गावापर्यंत चौकशी करून येतो. घराच्या बाबतीत मात्र ‘आपल्या ओळखीचाच आहे’ एवढ्या एका वाक्यावर लाखांचा व्यवहार होऊन जातो.

परवा समोरच्या घरातली सून दुपारची माझ्याकडे आली. त्यांचं मागचं स्वयंपाकघर आणि मोरी पाडून नवीन करायचं चाललंय. सासऱ्यांनी ठेकेदार जवळजवळ ठरवलाय. ‘ओळखीचा’ आहे. त्या कामात तिचे पोस्टात साठवलेले पैसेही जाणार आहेत, शिवण करून जमवलेले. म्हणाली, “काकू, तुम्ही दोनदा घराचं काम केलंय. तुम्हीच सांगा, माणूस कसा ओळखायचा?”

दोनदा केलंय हे खरं. पण पहिल्यांदा केलेलं निस्तरण्यासाठी दुसऱ्यांदा करावं लागलं, हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणून तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे. उन्हाळ्यात अशा बऱ्याच जणी या विचारात असतील.

आमचं घर जुनं, धाब्याचं. खानदेशाबाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते, धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर. खाली सागाच्या लाकडांचे खण, वर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी दरवर्षी त्यावर खारी माती टाकायची, ती पाण्याने घट्ट बसते. उन्हाळ्यात अशा घरात पंख्याशिवाय झोप लागते. पण आता ती माती आणायची कुणी, आणि धाब्यावर चढून ती पसरायची कुणी? शेवटी मागचे दोन खण उतरवून तिथे स्लॅब टाकायचं ठरलं.

ठेकेदार आमच्या चुलत सासऱ्यांच्या नात्यातला निघाला. बोलायला मोठा गोड. “तुम्ही फिकरच करू नका वहिनी, आपल्याच घरचं काम आहे!” ओट्यावर बसून पुरुषमंडळींनी भाव ठरवला. स्क्वेअर फुटाप्रमाणे, मालासकट. मी आत चहा करत होते. कागद वगैरे काही नाही. नात्यात कागद कशाला? झालं, मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात स्लॅब पडला. गल्लीत पेढे वाटले.

आणि एक प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. स्लॅबवर पाणी कोण मारणार?

दुसऱ्या दिवशी त्याच्या एका पोऱ्याने दोन-चार बादल्या ओतल्या. तिसऱ्या दिवशी सगळी टोळी दुसऱ्या गावाला, दुसऱ्या कामावर. विचारलं तर उत्तर आलं, “पाणी मालकाचं असतं.” आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. आलेलं पाणी प्यायला ठेवायचं की स्लॅबला घालायचं? मी दोन दिवस शिडीवरून कळशा चढवल्या, मग कंबर धरली. वर ऊन असं की चप्पल चिकटावी. स्लॅब पांढराफटक दिसायला लागला. हे काही बरोबर होत नाहीये, हे मला, सिमेंटमधलं ओ की ठो न कळणाऱ्या बाईलाही कळत होतं. मी ह्यांना म्हटलं, त्याला फोन करा, पाण्याचं काहीतरी बघायला सांगा. तर म्हणाले, “असू दे गं, ओळखीचा आहे, त्याला वाईट वाटेल.” तोपर्यंत, घरी लग्न आहे म्हणून, जवळपास सगळी रक्कम त्याने उचललीही होती.

जुलैतल्या पहिल्या मोठ्या पावसात छत टिपकायला लागलं. नेमकं गव्हाच्या कोठीवर. वर्षाचा गहू उन्हात घालायला ऊनही नव्हतं.

पुढे मी एका इंजिनिअर भाच्याला विचारलं, तेव्हा कळलं की या पाणी मारण्याचेही नियम छापलेले आहेत. काँक्रीटच्या कामासाठी भारतीय मानक ४५६ आहे, सन २००० चं. त्यात म्हटलंय की साधं सिमेंट असेल तर काँक्रीट किमान सात दिवस सतत ओलं राहिलं पाहिजे, आणि हवा कोरडी-उष्ण असेल तर दहा दिवसांपेक्षा कमी नाही. राखमिश्रित सिमेंट, म्हणजे आजकाल दुकानात सर्रास मिळणारं पीपीसी, असेल तर हे दिवस चौदापर्यंत वाढवावेत अशी शिफारस आहे. आणि मे महिन्यातल्या खानदेशापेक्षा कोरडी-उष्ण हवा आणखी कुठली असणार! सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं. पाणी आधीच उडून गेलं की ते तसंच कच्चं राहतं. स्लॅबवर वाळू-सिमेंटच्या छोट्या पाळ्या घालून वाफे करायचे, त्यात पाणी तुंबवून ठेवायचं, कॉलमला ओलं बारदान गुंडाळायचं, एवढाच उपाय असतो. त्याला दोन टँकर लागतात. ते टँकर कुणाचे, एवढं आधी ठरलं असतं तर माझा गहू वाचला असता.

तेव्हापासून मी या ‘ओळखी’चा फार विचार केला. आपल्या आजीच्या काळी लोक एवढे आंधळे विश्वास कसे टाकत होते? गावचा सुतार घराचं दार करायचा, तुळया चढवायचा. कागद नाही, सही नाही. पण तो बलुतेदार होता. वर्षाचं धान्य त्याला दर सुगीला तुमच्याच खळ्यावरून न्यायचं असायचं. दार नीट बसलं नाही तर पुढच्या सुगीला खळ्यावर चार माणसांत त्याला ऐकावं लागे. त्याचं पोट पुढच्या वर्षीही तुमच्याशी बांधलेलं होतं, म्हणून तो विश्वास चालत होता. आज ठेकेदार एकदा पैसे घेतो आणि जातो. ओळख तेवढी शिल्लक राहिली, खळं राहिलं नाही. आणि ओळखीचं ओझं उलट आपल्यावरच. परक्या माणसाला आपण बेधडक विचारतो, हे असं का केलं? ओळखीच्याला विचारायला जीभ रेटत नाही.

दुसऱ्या वेळी मी ठरवलं, माणूस मी शोधणार. ह्यांनी हसून परवानगी दिली. (परवानगी! पण ते राहू द्या.)

मी श्रावणात बाहेर पडले. लोक उन्हाळ्यात घरं बघायला जातात, तेव्हा सगळीच घरं छान दिसतात. ज्याचं नाव ऐकलं त्याने दोन-तीन वर्षांपूर्वी केलेली घरं मी झडीच्या पावसात पाहून आले. छत्री घेऊन, हळदीकुंकवाला जातात तशी. आणि मालकाला नाही विचारलं, मालकिणीला विचारलं. घरमालक पुरुष सांगतो, “काम मस्त केलं, भावही वाजवी लावला.” बाई सांगते मोरीचं पाणी कोणत्या कोपऱ्यात साचतं, कोणती फरशी पाय पडल्यावर पोकळ वाजते, ओट्याखाली ओल कुठून येते, आणि बोलावल्यावर माणूस परत आला होता का. एकीने मला भिंतीला हात लावून दाखवला. हाताला ओल लागली. त्या ठेकेदाराचं नाव यादीतून गेलं.

शेवटी जो गवंडी ठरला तो कमी बोलणारा होता. भाव सांगण्याआधी त्यानेच प्रश्न विचारले. पाणी कोण देणार? राडारोडा कोण उचलणार? प्लास्टर मोजताना दार-खिडक्यांची वजावट करायची की नाही? वीट तुमची की माझी? मी मनात म्हटलं, हे सगळे प्रश्न मागच्या वेळी भांडणात निघाले होते!

तरी माझा खरा विश्वास बसला तो वेगळ्याच गोष्टीवर. पुढच्या खोलीचं धाबंही उतरवून स्लॅब टाकावा असं आमच्या मनात होतं. आधी आलेल्या दोघांनी “टाकून देऊ की, भिंती चांगल्या दीड हात रुंद आहेत” असं छातीठोक सांगितलं होतं. याने भिंतीच्या सांध्यात खिळा घातला, माती भुरभुर गळली. म्हणाला, “ताई, हे मातीतलं बांधकाम आहे. यावर स्लॅब मी टाकणार नाही. कॉलम उभे करायचे असतील तर इंजिनिअरकडून नकाशा करून घ्या, नगरपालिकेची परवानगी घ्या, मग मी येतो. नाहीतर वर पत्रे टाका.” मोठं काम स्वतःहून सोडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. आम्ही पत्रे टाकले. गरम होतं, पण रात्री निर्धास्त झोप लागते.

हे मातीतल्या भिंतीचं आपल्याकडे फार हलक्यात घेतलं जातं. किल्लारीचा भूकंप आठवतो ना? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. साडेसात हजारांहून जास्त माणसं गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर मातीचंच जड माळवद. भिंत हलली आणि सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला. आपल्या भागात तसं काही होईल असं मी म्हणत नाही. पण भूकंप नसला तरी अशा भिंतीवर स्लॅबचं वजन चढवायला “चालतंय की” म्हणणारा माणूस आपल्या लेकराबाळांच्या डोक्यावर काय ठेवतोय, ते त्याला तरी कळतंय का? मुंबईत घाटकोपरला २५ जुलै २०१७ ला चार मजली इमारत कोसळून १७ जण गेले. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात इमारतीच्या खांबांनाच धक्का लावल्याचा आरोप झाला. ‘ही भिंत काढून हॉल मोठा करू’ हे वाक्य म्हणूनच मला ऐकवत नाही.

किल्लारीवरून आणखी एक आठवलं, आणि या पानावर ते सांगायलाच हवं. भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या (आता धाराशिव) हजाराहून जास्त गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं होतं. तेव्हा स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहाय्यक’ म्हणून उभं केलं. प्रेमा गोपालन यांनी उभी केलेली ही संस्था. या बायका साध्या घरातल्या, शेतातल्या. घर मजबूत करायचं म्हणजे काय काय करायचं ते त्यांनी शिकून घेतलं, घरोघरी समजावलं, मिस्त्रीच्या कामावर डोळा ठेवला. पुढे २००१ मध्ये गुजरातला भूकंप झाला तेव्हा लातूरकडच्या अनुभवी बायका तिकडच्या बायकांना सांगायलाही गेल्या. आणि आपण? आपण ठेकेदार आला की चहा टाकायला आत जातो!

‘बायकांना बांधकामातलं काय कळतं’ हे वाक्य मला आता खोटंच वाटतं. गहू घेताना आपण मूठभर हातात घेऊन दाणा दाताखाली चावून बघतो, वजन डोळ्यासमोर करून घेतो. मग सळईचं वजन का नाही? १२ एमएमची १२ मीटरची पूर्ण सळई साधारण साडेदहा किलो भरायला हवी. काट्यावर ठेवली की खरं-खोटं तिथेच कळतं. सिमेंटच्या गोणीवर कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी भरली ते छापलेलं असतं, तीन महिन्यांहून जुनी असेल तर परत पाठवायची. मोरी केली की फरशी बसवण्याआधी पाइपाला बोळा लावून पाणी तुंबवून ठेवायचं, एक दिवस एक रात्र, आणि खाली जाऊन बघायचं. यात इंजिनिअरिंग कुठे आहे? पापड वाळलेत का ते बघण्याइतकंच लक्ष लागतं. दिवसभर घरात आपणच असतो. मालक संध्याकाळी येतो तोवर गिलावा होऊन गेलेला असतो, आत काय भरलं ते देव जाणे.

तरी ठेकेदार बोलतो मात्र ‘साहेबांशी’. आपण काही विचारलं की “साहेबांना सांगतो” असं म्हणून मोबाइल काढतो. माणूस ओळखायची माझी हीच मुख्य खूण झाली आहे. बाईने प्रश्न विचारला तर हा तिला उत्तर देतो का? हसण्यावारी नेतो की भावात गुंडाळतो? ज्याला पहिल्या दिवशी प्रश्नाचा राग येतो, त्याला गळती दाखवायला बोलावलं तर तो फोनच उचलणार नाही.

आता पैशांचं. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. सरकारसुद्धा घरकुलाचे पैसे एकदम हातात देत नाही. पाया, मग चौकट, मग छप्पर, असं काम पुढे सरकलं की फोटो काढतात आणि मग पुढचा हप्ता. सरकारी बांधकामात ठेकेदाराची थोडी रक्कम काम संपल्यावरही अडकवून ठेवतात, दोष निघाला तर त्याने दुरुस्त करावा म्हणून. मग आपण का सगळं आधी द्यायचं? मी दुसऱ्या वेळी असं केलं. दोनशे पानी वही आणली, त्यात काय काम, कोणता माल, काय भाव, किती दिवस ते लिहिलं, त्याने सही केली, मी सही केली. सुरुवातीला माल आणण्यापुरते दिले. पुढे दर आठवड्याला झालेलं काम मोजायचं आणि तेवढेच द्यायचे. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी, कारण मजुरांना बाजार करायचा असतो. शंभरातले दहा रुपये पहिला पावसाळा निघेपर्यंत ठेवून घेतले. हे ऐकल्यावर तो गवंडी जरा गप्प बसला, मग म्हणाला, “ठेवा ताई, पण दिवाळीला नक्की द्या.” दिले. खळं पुन्हा तयार केलं म्हणा ना.

त्याचीही बाजू आहे हो. तो सांगत होता, निम्मे मालक शेवटचा हप्ता बुडवतात. ओटा एकदा इकडे, एकदा तिकडे, तीनदा फिरवायला लावतात आणि वरून म्हणतात, “एवढंसं तर आहे!” त्या एवढ्याशासाठी त्याचा एक गवंडी आणि दोन बिगारी दिवसभर लागतात, त्यांची मजुरी त्याच्या खिशातून. वाळूचा भाव तर पावसाळा लागला की कुठल्या कुठे जातो. म्हणून मधेच काही बदललं तर तेही वहीत लिहायचं, त्याचे पैसेही तिथेच. वही दोघांसाठी असते.

बिलाबद्दल एक सांगते. “पक्कं बिल घेतलंत तर जीएसटी लागेल, कच्च्यात करा,” असं दुकानदारही म्हणतो आणि ठेकेदारही. मोह होतो. पण पुढे भांडण झालंच तर हातात असतं काय? घरबांधणीचं काम ही ग्राहक कायद्यात सेवा मानलेली आहे, १९९३ पासून, आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही. घराच्या दुरुस्तीत फसवणूक झाली तर जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे आपल्यासाठी जळगावला, तक्रार करता येते. काम पाच लाखांपर्यंतचं असेल तर तक्रारीला फी नाही, वकीलच हवा असंही नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पुष्कळ जणींना वाटतं की रेरा आहे ना! रेरा नव्या इमारतींतल्या विक्रीच्या घरांसाठी. आपल्या स्वतःच्या घराच्या दुरुस्तीला ते येत नाही. आयोगापुढे मात्र पुरावा लागतो. बिल, वहीतली सही, बँकेतून दिलेले पैसे, मोबाइलवर काढलेले फोटो. मागच्या वेळी माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. होतं ते फक्त “आपल्याच घरचं काम आहे.” नात्यात तक्रार करायची हिंमत तर त्याहून नव्हती. नातं शेवटी तुटलंच, लग्नाकार्यात आता एकमेकांकडे न बघता वाढायला फिरतो. दोनशे पानी वही आणली असती तर कदाचित टिकलं असतं.

हे सगळं समोरच्या सुनेने ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, “पण काकू, मामंजींना कसं सांगू? ते म्हणतील आमच्यावर विश्वास नाही का?”

ही खरी अडचण. तिला म्हटलं, मामंजींवर अविश्वास आहे असं कुणी म्हणायचंच नाही. एवढंच म्हणायचं की त्या ठेकेदाराने दोन वर्षांपूर्वी केलेलं एक घर आपण सगळे बघून येऊ. मोरीत दिवसभर माझाच वावर असणार आहे, म्हणून कुठे काय हवं ते मी लिहून ठेवलंय, ते त्यांच्यासमोर वाचून दाखवते. सासरे समजूतदार आहेत, ‘नाही’ म्हणणार नाहीत. आणि म्हणालेच तर निदान पाण्याचं विचारायचं. टँकर कुणाचा? दहा दिवस वर चढून पाणी कोण मारणार?

बुधवारी तो ठेकेदार येणार आहे. तिने मला बोलावलंय. चहा आधीच करून थर्मासमध्ये भरून ठेव, असं मी तिला सांगितलंय.